रुबिनस्टाइनचे शोपँ नॉक्टर्न (आरसीए, १९६५-६७): रुबाटो खरंच कमी आहे का?

नॉक्टर्न म्हणजे शोपँ या संगीतकाराच्या रात्रीच्या मूडच्या छोट्या पियानो रचना. त्यांचा कुठला सेट घेऊ असं विचारलं की दहातले आठ जण हाच सांगतात, पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचा रोममध्ये रेकॉर्ड झालेला स्टिरिओ सेट, १९ नॉक्टर्न. ओपस नंबर (रचनेचा क्रमांक) नसलेला तो फेमस सी शार्प मायनर यात नाही, त्याच्यासाठीच घेणार असाल तर थांबा. साउंड मस्त, पियानोचा आवाज गोल आणि उबदार, त्यावर भांडण नाही.

भांडण आहे ते लयीवर, म्हणजे रुबाटोवर, लय थोडी मागेपुढे ताणून वाजवण्यावर. एक गट म्हणतो हे फारच सरळ आहे, म्हातारा सभ्यपणे वाजवून मोकळा झालाय. दुसरा म्हणतो हीच खरी अभिरुची, बाकीचे नुसते गळे काढतात. मला दोघांचंही अर्धंच पटतं. शोपँचा शिष्य मिकुली सांगून गेलाय की मास्तरांच्या पियानोवर मेट्रोनोम (ठोके देऊन लय दाखवणारं यंत्र) कायम असायचा आणि साथ करणारा हात लय सोडत नसे, गाणारा हात मात्र मोकळा. ओपस २७ नंबर २ हेडफोन लावून ऐका, डावा हात वाहत राहतो आणि उजवा किंचित मागे रेंगाळून बरोबर येऊन मिळतो, विलंबित ख्यालात ठेका चालू असताना गायक समेला येतो तसा, फक्त इथे गायक आणि तबलजी एकच माणूस. त्यामुळे रुबाटो नाही असं म्हणणाऱ्यांनी जरा डाव्या हाताकडे कान द्या राव.

पण मिकुलीचा शब्द म्हणजे सगळं नव्हे ना. पियानोवादक चार्ल्स हॅलेने शोपँसमोरच मोठ्याने मात्रा मोजून दाखवलं होतं की तीन मात्रांची माझुर्का तो चारात वाजवतोय, आणि शोपँ हसून म्हणाला की या नाचाचा स्वभावच तसा आहे. म्हणजे साहेब स्वतः चांगलेच मोकळे होते. आणि इथेच हा सेट कमी पडतो. ओपस १५ नंबर ३ वर शोपँने स्वतः 'लांग्विदो ए रुबातो' (सुस्तावलेलं आणि रुबाटोसकट) लिहून ठेवलंय, तिथेही रुबिनस्टाइन बाकीच्यांसारखाच नीटनेटका, अरे आता तरी सैल सोड की!

याच माणसाचा १९३६-३७ चा लंडनचा सेट ऐकलात तर कळेल मी काय म्हणतोय, खरखर आहे, पण जास्त धीट. मिकुलीचा शिष्य कोचाल्स्की याचं १९३८ चं ओपस ९ नंबर २ पण जरूर ऐका, अनोख्या नक्षीसकट. या तुकड्यावर शोपँने मिनिटाला १३२ एट्थ नोट (अष्टमांश स्वर) असा मेट्रोनोम आकडा दिलाय, हिशेब केला तर जेमतेम तीन मिनिटांच्या पुढे जातो आणि आज बहुतेक सगळे चार ओलांडतात, हा सेटसुद्धा. पियानोवादक मारिया जुआँव पिरेसचा सेट सुंदर आहे पण तिथे बरेचदा दोन्ही हात मिळून थांबतात, ते मला जड होतं, पण मित्रमंडळींत मी एकटाच या मताचा आहे.

पाचपैकी चार. पहिल्यांदाच शोपँ घेणाऱ्यांनी बिनधास्त घ्या. आधीच दोन-तीन सेट असतील तर स्ट्रीमिंगवर ओपस ६२ नंबर १ मध्ये मूळ धून सगळी ट्रिलमध्ये (शेजारचे दोन स्वर भराभर आलटून पालटून) परत येते तेवढा भाग ऐका, तो आवडला तरच पैसे घाला.