जुन्या गाड्या की जुने फोन? तपासनिसाच्या दोन नोकऱ्या

जुन्या वस्तूंची ऑनलाइन खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीत तपासनिसाची नोकरी घ्यायची, तर पुण्यात दोन वाटा सहज दिसतात: ग्राहकाच्या घरी जाऊन गाडी तपासण्याची आणि वर्कशॉपमध्ये बसून मोबाइलची स्थिती पाहून त्याची ग्रेड ठरवण्याची. मी पहिली पावणेदोन वर्षे केली आणि सध्या दुसरी करतो आहे. दोन्ही ठिकाणी पगार, पीएफ आणि हुद्दे जवळपास सारखेच होते, त्यामुळे त्यांवर वेळ घालवत नाही.

गाड्यांच्या कामात शिकायला अधिक मिळते, हे मान्य केले पाहिजे. रंगाच्या थराची जाडी मोजणारा पेंट मीटर दरवाजावर सव्वाशे मायक्रॉन दाखवतो, त्याच बाजूच्या फेंडरवर (चाकावरच्या पत्र्यावर) तीनशेच्या पुढे जातो, म्हणजे तेथे बहुधा पुन्हा रंग दिलेला असतो, आणि मालक मात्र शेजारी उभे राहून ‘एकदाही ठोकलेली नाही’ असे शपथेवर सांगत असतात; असे प्रसंग माणसाला हुशार करतात. आरसीवरचा बँकेचा बोजा, मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाडीची एनओसी हेही अंगवळणी पडते. शनिवार-रविवार मात्र विसरावे लागतात, कारण ग्राहक तेव्हाच घरी असतो.

तरीही मी ती नोकरी सोडली, ती क्लेममुळे. आमचा रिपोर्ट आणि फोटो पाहून डीलर ऑनलाइन लिलावात बोली लावत आणि गाडी हाती आल्यावर रिपोर्टात नसलेला दोष निघाला, की भरपाई मागत. त्या भरपाईचा काही भाग तपासनिसाच्या इन्सेंटिव्हमधून कापला जाई. माझ्या चुकांचे पैसे कापले गेले, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु एका गाडीचा क्लच घसरतो म्हणून माझ्यावर क्लेम आला, तेव्हा माझ्या तपासणीनंतर मालकाने ती गाडी अकरा दिवस चालवलेली होती. ॲपवर त्या क्लेमखाली ‘मान्य’ एवढे एकच बटण होते. मॅनेजर साहेब स्वभावाने चांगले होते. ते म्हणाले, ‘पुढच्या महिन्यात बघू.’ रक्कम फार नव्हती, पण मला कोणी विचारलेच नाही, हे काही केल्या मनातून जाईना.

फोनच्या कामात मी दिलेली ग्रेड दुसऱ्या टेबलावर पुन्हा तपासली जाते. मी ‘ए’ म्हटले आणि समोरच्याला कडेला ओरखडा दिसला, तर फोन मध्ये ठेवून दोघे दिव्याखाली पाहतो आणि तेथेच वाद मिटतो. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक केलेला निघाला, म्हणजे फोन चोरीचा किंवा हरवलेला असण्याची शक्यता असली, तर तो फोन माझ्यापर्यंत आला कसा, हे आधी पाहिले जाते. येथेही सुख आहे असे नाही. मान दुखते, काम एकसुरी आहे, स्वतःचा फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि चहाला बाहेर पडतानाही झडती होते. पहिल्या महिन्यात ती झडती मला फार लागली. आता हात आपोआप वर जातात.

माझा अनुभव प्रत्येकी एकाच कंपनीचा आहे, त्यामुळे इतरत्र चित्र वेगळे असू शकेल. ज्याला फिरतीची आवड आहे, त्याने गाड्यांचे काम जरूर पाहावे. फक्त तपासणी ते ताबा या दरम्यानच्या दिवसांची जबाबदारी कोणाची, हे मुलाखतीतच विचारून घ्यावे. मी विचारले नव्हते.