कंडक्टरचं घोंगडीचं दुकान, सातारा

साताऱ्यात राजवाड्याकडून मोती चौकाकडे जाताना एक अरुंद बोळ लागतो. त्या बोळात पाच उंच पायऱ्या चढून गेलं की दुकान. पाटीवर एकच शब्द आहे, घोंगडी. हे दुकान माझ्या थोरल्या भावानं सुरू केलं. आता त्याचा मुलगा आणि सून चालवतात. तेव्हा मी काही परकी गिऱ्हाईक नाही, हे आधीच सांगते. पण तिथल्या तीन घोंगड्या मी पैसे मोजून घेतल्यात आणि पहिली तर २०१४ पासून रोज अंगावर आहे. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. दुकानाबद्दल लिहायचं म्हटलं की त्याच्याबद्दल लिहिणं आलंच.

पहिली घोंगडी काळी, जाड, पावणेतीन किलो वजनाची. घरी आणली तेव्हा पुठ्ठ्यासारखी कडक होती. उभी केली तर उभी राहील अशी. अंगावर घेतली की मानेला टोचायची आणि एक आंबूस वास यायचा. मी दादाला फोन केला की ही परत घेऊन जा. तो म्हणाला, "आगं, चिंचोक्याची खळ हाय ती. रातभर गार पाण्यात टाक, सकाळी सावलीत वाळव. आन् टोचंल थोडी. टोचत न्हाई ती घोंगडी न्हवं."

माझा जन्म धनगराच्या घरातला, तरी ही खळ मला ठाऊक नव्हती. मेंढरं आमची, पण विणायचं काम सणगरांचं. ते चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटतात, शिजवून त्याची खळ करतात आणि ताणा, म्हणजे उभे धागे, ताणून धरला की कुंच्यानं ती सुतावर चढवतात. आमच्या दख्खनी मेंढराची लोकर आखूड आणि राठ, तिचं सूत नुसतं मागावर घेतलं तर तुटतं. खळीनं ते ताठ होतं. ती धुऊन गेली की घोंगडी मऊ पडायला लागते. माझी दोन पावसाळ्यांत इतकी सुधारली की आता नातवंडं तिच्यासाठी भांडतात. एकदा चुकून मी ती कोमट पाण्यात बुडवली तर चार बोटं आटली. गरम पाणी आणि मशीन दोन्ही वर्ज्य, हे ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात एकदा कडक उन्हं दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवली तर कसर लागत नाही.

आमचं गाव माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पुढचं. वडिलांची साठेक मेंढरं होती. दिवाळी झाली की ते कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे. बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, दोन रात्री काढल्या की पुढचं रान. दादा नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांच्याबरोबर जायचा. मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, आईजवळ गावी राहायची. त्यामुळे दादाचं लहानपण मला त्याच्या तोंडूनच कळलेलं.

एक रात्र तो नेहमी सांगायचा. चैत्रातला वळीव आला, आडोशाला झाड नाही, आणि एक मेंढी त्याच दिवशी व्यालेली. वडिलांनी घोंगडीचा कोपरा आत दुमडून खोळ केली, ती दादाच्या डोक्यावर टाकली आणि कोकरू त्याच्या पोटाशी दिलं. स्वतः मेंढरांत उभे राहिले. सकाळी घोंगडी इतकी जड झाली होती की दोघांनी दोन टोकं धरून पिळली. आतलं कोकरू मात्र कोरडं होतं. दादा हे सांगताना दोन्ही हात पोटाशी धरायचा. साठीतसुद्धा तसेच धरायचा.

१९७२ च्या दुष्काळात ती मेंढरं गेली. निम्मी मेली, उरलेली वडिलांनी मिळेल त्या भावाला विकली. दादा तेव्हा चौदा वर्षांचा. आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. तिथं खायला सुकडीचं कोरडं पीठ मिळायचं, ते माझ्यासाठी फडक्यात बांधून आणायचा. घरात मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, लाल भाकरी. त्यानंतर तो रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकला. वडिलांनी जाताना त्याला घरातली एकुलती एक बरी घोंगडी दिली होती. पोरं मेंढरांचा वास येतो म्हणून नाक धरायची, म्हणून त्यानं ती ट्रंकेच्या तळाशी घातली आणि थंडीत कुडकुडत चादरीवर झोपला. ही गोष्ट त्यानं मला पन्नाशी उलटल्यावर सांगितली. वडील तोवर राहिले नव्हते.

१९८१ साली तो एसटीत कंडक्टर झाला. बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी रात्रीच्या लांबच्या गाड्यांवर. त्या गाड्यांवर मात्र ती घोंगडी त्याच्या बरोबर असायची. कुणाला ताप आला, कुणाचं पोर थंडीनं रडायला लागलं की पेटीशेजारची घोंगडी काढून द्यायचा. मग उतरताना माणसं विचारायची, ही कुठं मिळते? तो नाव लिहून घ्यायचा. सुट्टीच्या दिवशी माण-खटावातल्या सणगरांच्या घरी जायचा, घोंगडी आणायचा आणि पुढच्या खेपेला ज्याची त्याला पोचवायचा. वर एक पैसा घेत नसे. त्या नावांची वही दुकानात आहे. लाल पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. 'कोरेगाव स्टँड, चहावाले काका, १ काळी.' 'पुसेगाव, बाळंतीण, १ जावळाची, पैसे नंतर.'

२०१३ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घोंगडीचं दुकान काढतो म्हणाला. वहिनी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. मुलाचं लग्न व्हायचं होतं, एसटीवाल्याची पेन्शन ती केवढीशी. मीही विरोधातच होते. मी त्याला म्हणाले, "दादा, लोक आता ब्लँकेट घेतात." तो म्हणाला, "घिऊ देत की. ज्याला घोंगडी पायजे त्यानं कुठं जायचं?" एवढंच. वाद घालायचा त्याचा स्वभाव नव्हता.

दुकान उघडायच्या आधी तो चार महिने एका म्हाताऱ्या सणगराकडे जाऊन बसला. मेंढरू कातरणं त्याच्या हातात होतं, लोकर पिंजताना आईला पाहिलेली, पण माग नवा. खड्डामागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पावड्या दाबायच्या, धोटा टाकायचा. एसटीत उभं राहून राहून गुडघे गेलेले. चार महिन्यांत त्याच्या हातून दीड हात पट्टी झाली, एक कड आत गेलेली. ती पट्टी दुकानात समोरच्या भिंतीवर टांगलीय. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की तो नुसता तिकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "ही मी इनलेली. आता ह्या हातातल्या घोंगडीची कड बघा."

आता दुकानाचं. माल खरा आहे आणि तो खरा आहे हे ते तुमच्यासमोर दाखवतात. कडेचं एक सूत ओढून काडी लावतात. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर, वितळून मणी झाला तर कृत्रिम धागा. बाजारात घोंगडी म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं या काडीला टिकत नाही. यात्रेतून आणलेली एक मी घेऊन गेले होते, तिचा मणी झाला. प्रत्येक घोंगडीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली असते, त्यावर वजन आणि विणणाऱ्याचं गाव. ही पद्धत दादाची. मोड द्यायची पद्धतही त्याचीच. नोटा उभ्या घडीनं बोटांत धरायच्या आणि मागायच्या आधी सुट्टे हातावर ठेवायचे. भाचा कधी कंडक्टर नव्हता, पण नोटा तशाच धरतो.

साधी काळी घोंगडी मला यंदा ३,२०० रुपयांना पडली, जावळाची ५,५०० ला. जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर, ती मऊ आणि थोडीच निघते. लोकांना दर जास्त वाटतो. एका घोंगडीला सात-आठ मेंढरांची कातरणी लागते, असा दादाचा हिशोब होता. त्यातून काळ्या दख्खनी मेंढ्या कमी होत चालल्यात. जत भागातली माडग्याळ मेंढी अंगानं मोठी, मटणाला चांगला भाव मिळतो, म्हणून कळपात ती शिरली. तिच्या अंगावर लोकर नावालाच. ज्यांच्याकडे दख्खनी आहेत ते कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून लोकर रानात टाकून देतात. दादा अशा वाड्यांवर जाऊन रोख पैसे देऊन ती उचलायचा. भाचाही उचलतो. त्या ३,२०० रुपयांत हे सगळं आहे, आणि मला ते पटतं.

जे पटत नाही तेही लिहिते. अलीकडे काही घोंगड्यांना लाल ॲक्रिलिक धाग्याची मशीनची किनार मारायला सुरुवात केलीय. दिसते छान, पण धुतल्यावर लोकर आटते, किनार आटत नाही आणि कड चुण्या पडून वर येते. माझ्या तिसऱ्या घोंगडीचं तसंच झालं. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "आत्या, पुण्याची गिऱ्हाईकं मागतात." मागतात तर मागू देत, पण आधी सांगावं तरी. तुम्ही घ्याल तर बिनकिनारीची घ्या. लोकरीची आसनं आणि पिशव्या ठेवल्यात, त्यातली आसनं चांगली, पिशव्यांचे बंद कच्चे आहेत. शिवाय धुण्याची माहिती तोंडी सांगतात, कागदावर देत नाहीत. गर्दी असली की तेवढंच सांगायचं राहतं.

फोन बऱ्याचदा लागत नाही, कारण भाचा गावोगाव फिरतीवर असतो. सूनबाई दुकानात असते आणि तिला माल नीट कळतो. जावळाची ओळखायची कशी, तर गालाला लावून, हे तिनंच मला दाखवलं. गेल्या महिन्यात गेले तेव्हा ती वहीत लिहीत होती. तीच लाल पुठ्ठ्याची वही. दादाच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ मोकळी सोडून तिनं पुढची नावं सुरू केलीत. अक्षर त्याच्याहून चांगलं आहे.

मंगळवारी दुकान बंद असतं. पायऱ्या खरंच उंच आहेत आणि कठडा नाही. गुडघे दुखत असतील तर चढू नका, खालूनच हाक मारा. सूनबाई घोंगड्या खाली आणून कट्ट्यावर उलगडून दाखवते.