सील फोडलं की परत घेणार नाही: ‘सॅनिटाइझ्ड’ ब्रशच्या विक्रीतली फसवणूक

वापरलेले मेकअप ब्रश ‘निर्जंतुक केलेले’ म्हणून विकायची एक पद्धत आहे. मी तिच्यात फसले, पैसे परत मिळवताना मेटाकुटीला आले, आणि घरातल्या एकीला डोळ्याचा त्रास झाला तो वेगळाच. ही पद्धत इतकी विचारपूर्वक बसवलेली आहे की नीट चौकशी करणारं माणूसही तिच्यात अडकतं, म्हणून तपशिलात लिहिते आहे.

जाहिरातीत नामांकित कंपनीचा पूर्ण संच होता. फक्त एकदा वापरलेला, अस्सल बकरीच्या केसांचा, शॅम्पूने धुऊन यूव्ही (अतिनील किरणांच्या) मशीनमध्ये स्टरलाइझ केलेला, असं लिहिलं होतं. फोटोत प्रत्येक ब्रश वेगळ्या पारदर्शक पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर निळं स्टिकर, केस छान फुललेले. मी मेकअपची कामं घेते, त्यामुळे ब्रश कुणाकडे होते, कशाने धुतले, कसे वाळवले हे सगळं विचारलं. उत्तरं झटपट आली. मग मी केसांच्या मुळाशी कॅमेरा नेऊन एक फोटो काढून पाठवायला सांगितलं. त्यावर विक्रेत्याने कळवलं, “ताई, पाकीट उघडलं तर सगळं स्टरलायझेशन वाया जाईल. तुमच्याच सुरक्षिततेसाठी आम्ही उघडत नाही.”

ऐकायला हे पटतं. सगळा डाव या एका वाक्यावर उभा आहे.

पार्सल आलं तेव्हा बाहेरून सगळं फोटोसारखंच होतं. पहिलं पाकीट फोडलं आणि अत्तराचा भपकारा आला. स्वच्छ धुऊन वाळलेल्या ब्रशला जवळजवळ काहीच वास नसतो. फार तर साबणाचा पुसट वास येतो. मी दोन्ही अंगठ्यांनी केस फाकवले. वरचा अर्धा भाग मऊ आणि पांढरा, पण खाली, जिथे केस धातूच्या पट्टीत शिरतात तिथे, फाउंडेशनचा तपकिरी, चिकट थर बसलेला होता. नखाने खरवडला तर वड्या सुटत होत्या. एका वापरात एवढा थर साचत नाही. कोमट पाण्यात धरल्यावर आधी मातकट पाणी आलं, मग राखाडी, आणि गडद केसांच्या ब्रशमधून काळा रंग सुटायला लागला. दोन ब्रशचे दांडे पट्टीत हलत होते. वारंवार उभे ठेवून वाळवलेल्या ब्रशचं असं होतं, कारण पाणी पट्टीत उतरतं, आतला गोंद सुटतो आणि लाकूड फुगतं.

‘अस्सल बकरीच्या केसां’चीही खात्री करून घेतली. गळून पडलेला एक केस चिमट्यात धरून जाळून पाहिला. खरा केस जळताना केस जळल्याचाच वास येतो आणि राख बोटात चुरगळते. हा वितळला आणि टोकाला कडक मणी झाला. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचं असंच होतं. कृत्रिम केस वाईट असतात असं मुळीच नाही. क्रीम आणि लिक्विड मेकअपला तेच चांगले, आणि धुवायलाही सोपे. पण मला विकले होते दुसरं काहीतरी सांगून.

मी धुण्याच्या तयारीत असताना माझ्या धाकट्या बहिणीने दुसऱ्या पाकिटातला आयशॅडोचा ब्रश काढून वापरला. सीलबंद पाकीट, वर ‘स्टरलाइझ्ड’ लिहिलेलं. तिने का शंका घ्यावी? पुढे तिच्या पापणीवर रांजणवाडी आली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ती त्याच ब्रशमुळे आली असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण दुसऱ्याचा वापरलेला ब्रश डोळ्याला लावला हे ऐकल्यावर त्यांनी तो तडक बाजूला ठेवायला आणि डोळ्यांचा मेकअप काही काळ बंद करायला सांगितलं. रांजणवाडी बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस जातीच्या जिवाणूंमुळे होते, आणि हे जिवाणू कोरड्या वस्तूवरही अनेक आठवडे तग धरतात. म्हणून ‘कित्येक दिवस नुसते पडून होते’ हे विक्रेत्याचं सांगणं दिलासा देणारं नाही.

मी विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, “हायजीनचा माल आहे. सील फोडल्यावर परत घेत नाही.” म्हणजे सील असेपर्यंत आतलं दिसणार नाही, आणि आतलं दिसलं की हक्क संपला. ते स्टिकर जंतूंना अडवायला लावलेलं नव्हतं, तक्रार अडवायला लावलेलं होतं. वर त्याने हेही सुनावलं की मी ब्रश वापरून घाण करून परत पाठवते आहे.

त्यांच्या दाव्यात तथ्य किती, हेही सांगते. यूव्ही-सी किरण जंतू मारतात हे खरं, पण किरण जिथे थेट पडतात तिथेच. दाट ब्रशमध्ये बाहेरचे केस आतल्या केसांवर सावली धरतात, आणि मुळाशी बसलेल्या तेलकट थराखाली किरण पोचत नाहीत. अल्कोहोलचा फवाराही वरवरच राहतो, शिवाय अल्कोहोलने जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली सुप्त रूपं, मरत नाहीत, त्यामुळे त्याला ‘स्टरलाइझ’ म्हणताच येत नाही. दवाखान्यात उपकरणं वाफेच्या दाबाखाली 121 अंश सेल्सिअसला किंवा त्याहून जास्त तापवतात. त्यात सामान्य मेकअप ब्रशचा गोंद आणि लाकूड टिकत नाही. घरच्या यूव्ही पेटीत ब्रश स्टरलाइझ केल्याचं कुणी सांगितलं, तर मी त्याच्याकडून काहीच घेणार नाही.

ब्रिटनमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वापरातल्या 467 सौंदर्यप्रसाधनांची तपासणी केली होती: लिपस्टिक, लिपग्लॉस, आयलायनर, मस्कारा आणि स्पंज. प्रकारानुसार 79 ते 90 टक्के वस्तूंवर जिवाणू सापडले, आणि 93 टक्के स्पंज एकदाही धुतलेले नव्हते. वापरलेला स्पंज तर फुकटही घेऊ नका. तो आतून कधीच पूर्ण स्वच्छ होत नाही.

ब्रशचं तसं नाही. चांगला ब्रश नीट धुतला तर वर्षानुवर्षं चालतो, पण धुणं आपल्याच हाताने व्हायला हवं. आधी साबण, मग जंतुनाशक, हा क्रम महत्त्वाचा, कारण तेल आणि मेकअपच्या थराखाली अल्कोहोल काम करत नाही. कोमट पाणी, सौम्य शॅम्पू, ब्रशचं तोंड कायम खाली. तळव्यावर गोल फिरवायचा, मुळाशी बोटांनी चोळायचं आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळायचं. पिळून टॉवेलने टिपायचा आणि केस टेबलाच्या कडेबाहेर राहतील असा आडवा वाळवायचा. पूर्ण वाळल्यावर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मुळापर्यंत भिजेल इतकं, आणि मग आपोआप सुकू द्यायचं. 99 टक्क्यांचं घेऊ नका. ते फार लवकर उडतं, आणि जंतूंमधली प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. आजूबाजूला दिवा किंवा गॅस पेटलेला नको. नैसर्गिक केस अल्कोहोलने रुक्ष होतात, त्यांना ते क्वचितच. कोरा नवा ब्रशसुद्धा पहिल्या वापराआधी धुवा. त्यात सुटा रंग, धूळ आणि केसांचा आकार टिकवायला लावलेली खळ असू शकते.

माझे पैसे शेवटी परत मिळाले. विक्री संकेतस्थळाने हायजीनच्या नियमावर बोट ठेवून पहिली तक्रार फेटाळली होती. तेव्हा मी ‘ब्रश आवडले नाहीत’ या अंगाने बोलणं सोडलं आणि ‘वर्णनाशी न जुळणारा माल’ या सदरात नव्याने तक्रार केली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पाकीट फोडतानाचा अखंड व्हिडिओ आणि मुळाशी साचलेल्या थराचे फोटो जोडले. व्हिडिओत सील आणि आतला थर एकाच वेळी दिसत होता, म्हणून मी वापरल्याचा आरोप टिकला नाही. स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधीच काढून ठेवा. माझी तक्रार गेल्यावर त्या जाहिरातीतून ‘एकदाच वापरलेला’ हे शब्द गायब झाले होते.

ब्रश परत मागवले नाहीत, ते माझ्याकडेच राहिले. टाकताना मी प्रत्येकाचे केस पट्टीपर्यंत कात्रीने छाटले आणि दांडे मोडले. तुम्हीही खराब ब्रश आख्खे टाकू नका. वरून फुलवून, अत्तर मारून ते पुन्हा कुणाला तरी विकले जाऊ शकतात.