म्युझिक प्लेअर झकास, पण बॅकअप डोळ्यांत तेल घालून घ्या

सीडी टाकली की आपोआप रिप करून, म्हणजे त्यातली गाणी उतरवून घेऊन, आतल्या हार्ड डिस्कवर ठेवणारा जो डबा असतो ना, तसला एक प्लेअर आमच्याकडे चार वर्षं आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे प्रॉब्लेम मला आले ते या प्रकारच्या कुठल्याही जुन्या प्लेअरवर येऊ शकतात. आवाजाबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. तानपुऱ्याची जवारी इतकी स्वच्छ ऐकू येते की पहिल्या दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसली होती. आमच्याकडच्या सहाशेच्या आसपास सीडी त्यात गेल्या, आणि शिवाय बाबांनी गेल्या पिढीतल्या घरगुती बैठकांमध्ये टेप केलेल्या कॅसेट, त्या मी लॅपटॉपवर रेकॉर्ड करून चढवल्या. सीडी परत विकत मिळेल हो, पण त्या कॅसेट जगात दुसरीकडे कुठेच नाहीत आणि त्यातल्या निम्म्यांची टेप आता चिकटायला लागलीय. म्हणून बॅकअप.

मेनूमध्ये बॅकअपचं बटण आहे, यूएसबीला ड्राइव्ह लावा आणि दाबा, एवढंच मॅन्युअलमध्ये लिहिलंय. मी १ टीबीचा नवा पोर्टेबल ड्राइव्ह आणला, लावला, तर डिस्क ओळखता येत नाही. लॅपटॉपवर मस्त चालतोय आणि इथे नाही. झालं असं की हल्ली बरेच ड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात (फॉरमॅट म्हणजे ड्राइव्हवर फाइल मांडायची पद्धत), आणि हा डबा आतून विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतो, तोही जुन्या. लिनक्समध्ये एक्सफॅटचा सपोर्ट २०१९-२० मध्ये आला, त्याच्या आधीच्या डब्याला तो फॉरमॅट बहुतेक वेळा कळतच नाही. लॅपटॉपवर फॅट३२ हा जुना, डब्याला कळणारा फॉरमॅट करायला गेलो तर माझ्या विंडोज १० मध्ये ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला तो ऑप्शनच दिसेना. शेवटी प्लेअरच्याच सेटिंगमध्ये फॉरमॅट सापडलं, त्याने दोन मिनिटांत फॅट३२ करून दिला. तेव्हा पहिला सल्ला हाच, ड्राइव्ह प्लेअरवरच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर डोकं खपवू नका, आणि आधी त्यातलं सगळं दुसरीकडे काढून घ्या कारण पुसलं जातं. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे चालत नाही, पण माझी सगळ्यात मोठी फाइल म्हणजे ९० मिनिटांची कॅसेट २४ बिट ९६ किलोहर्ट्झला, ती ३.१ जीबी, म्हणजे बसते. दोन कॅसेट जोडून एक फाइल करायचा विचार होता तो तेव्हाच सोडला.

मग बॅकअप सुरू झाला आणि १२ टक्क्यांवर बंद. परत केला, ९ टक्के. परत, २० टक्के. प्रत्येक वेळी वेगळीकडे अडकतोय म्हटल्यावर फाइल खराब नसणार हे लक्षात आलं. रात्री सगळं शांत असताना ड्राइव्हला कान लावून बसलो तर बंद पडायच्या आधी टिक... टिक... असा आवाज, मग फिरणं थांबतं, मग परत सुरू व्हायची धडपड. करंट पुरत नव्हता त्याला. मागचा पोर्ट यूएसबी २.० आहे, स्टँडर्डप्रमाणे ५०० मिलिअँपियर देणार, आणि आत फिरती तबकडी असलेला ड्राइव्ह सुरू होताना त्याहून जास्त मागतो. कस्टमर केअरने मला प्लेअर फॅक्टरी रिसेट करायला सांगितलं होतं!! केलं असतं तर बाबांच्या बैठका गेल्या असत्या, विचार करूनच पोटात गोळा येतो. कृपा करून बॅकअप झाल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून रिसेट करू नका. मी स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब आणला, म्हणजे भिंतीतल्या प्लगमधून वीज घेऊन ड्राइव्हला पुरवणारा, हजार-बाराशेला मिळाला, मधे लावला, आणि पहिल्याच फटक्यात साधारण पाच तासांत २६० जीबी पूर्ण. स्क्रीनवर बरोबरची खूण, बॅकअप पूर्ण झाला.

आणि इथे माझा खरा राग आहे. ड्राइव्ह लॅपटॉपला लावून सहज फाइल मोजल्या तर ४७०७. प्लेअर म्हणतो ४८६२ ट्रॅक आहेत. १५५ गाणी कुठे गेली? स्क्रीनवर काही नाही, एरर नाही, काही नाही. ड्राइव्हवरच एका कोपऱ्यात लॉगची टेक्स्ट फाइल होती, म्हणजे कुठल्या फाइल कॉपी झाल्या नाहीत त्याची नोंद, ती उघडली आणि एकेक नाव वाचत गेलो, अर्धा तास काही कळेना, आणि मग एकदम दिसलं की प्रत्येक नावात विसर्गासारखे ते दोन टिंब आहेत. 'यमन: विलंबित एकताल', 'भूप: द्रुत'. आपल्या शास्त्रीय सीडींची नावं अशीच असतात ना, आधी राग, मग दोन टिंब, मग लय-ताल. लिनक्सला ते चिन्ह चालतं, फॅट३२ ला चालत नाही, प्रश्नचिन्ह आणि दुहेरी अवतरण पण नाही. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला हे कदाचित आयुष्यात कळणार नाही, पण रागसंगीताच्या माणसाची नेमकी तीच गाणी गळतात. १५५ नावांत टिंबांच्या जागी डॅश टाकत दोन संध्याकाळी गेल्या, मग बॅकअप परत चालवला, ४८६२ ला ४८६२. एखादी फाइल कॉपी झाली नाही तर स्क्रीनवर सांगायला काय जातं? नुसता आकडा दाखवला असता तरी पुरलं असतं.

कुणी म्हणेल की नेटवर्कवरून फोल्डर कॉपी करून घे ना सरळ. घेता येतो, पण माझ्या प्लेअरमध्ये मी हाताने भरलेली माहिती, म्हणजे साथीला तबल्यावर कोण, कुठली बंदिश, बैठक कुणाच्या घरी, ती गाण्याच्या फाइलमध्ये जात नाही, वेगळ्या डेटाबेसमध्ये राहते आणि तो फक्त त्या बटणाच्या बॅकअपमध्येच येतो. म्हणून बटणाला पर्याय नाही. आणि रिस्टोअर करताना आधी आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा ते सहज ट्राय करून बघायची गोष्ट नाही, मी लॅपटॉपवर वीसेक फाइल मधूनच वाजवून बघितल्या, कॅसेटच्या तर सगळ्या.

आवाजाला पाचपैकी पाच, बॅकअपला दोन, आणि ते दोनही अडॅप्टरवाल्या हबमुळे. तरी घ्यायचा असेल तर घ्या, मी आजही घेईन. आता दोन ड्राइव्ह केलेत, एक कपाटात आणि दुसरा ताईकडे नाशिकला, भाऊबीजेला जातो तेव्हा अदलाबदल करतो. या वर्षी तिने आपला ड्राइव्ह लॅपटॉपला लावून एक बैठक लावली, मधेच बाबांचा 'वा!' आला, आणि ओवाळायचं ताट तसंच हातात धरून ती तिथेच खाली बसली.