कोल्हापुरात गाडीला सीबी रेडिओ बसवून घेणं: उद्यमनगर एक नंबर, अ‍ॅक्सेसरी दुकानं काठावर पास

गगनबावडा, आंबा, राधानगरी या बाजूला चार-सहा गाड्या मिळून निघाल्या की घाटात मोबाईलची रेंज जाते आणि पुढची गाडी कुठं वळली ते मागच्याला कळत नाही. सीबी (सिटिझन्स बँड, गाड्यांनी आपसांत बोलायचा रेडिओ) लागतो तो इथं. सेट निवडण्यात फार डोकं घालवू नका. एएमवर बहुतेक सगळे ४ वॅटचेच असतात. आवाज दोन किलोमीटर जाणार की दोनशे मीटरवर खरखर होणार, हे अँटेना आणि तिचं अर्थिंग (गाडीच्या पत्र्याशी जोडणी) ठरवतं.

शहरात या कामाला तीन दारं आहेत: अ‍ॅक्सेसरीची दुकानं, ऑटो इलेक्ट्रिशियन आणि उद्यमनगरातले फॅब्रिकेटर. सगळं काम एकाच दारात दिलं की फसगत ठरलेली.

अ‍ॅक्सेसरी दुकानांचं फिनिशिंग झकास असतं. डॅशबोर्डची क्लिप तुटत नाही, ओरखडा येत नाही, माइकचा हुक ड्रायव्हरच्या हाताला बरोबर येतो. घोळ असा की अँटेना त्यांच्या लेखी एफएमची काडी. मॅग्नेटवाली अँटेना टपावर ठेवायची, केबल मागच्या दाराच्या रबरातून आत घ्यायची, उरलेली घट्ट गुंडाळून सीटखाली कोंबायची, काम तमाम. दार दर वेळी त्याच जागी केबल दाबतं, आरजी-५८ (अँटेनेची नेहमीची केबल) च्या आतलं पांढरं इन्सुलेशन चेपतं आणि मधली तार कधीतरी बाहेरच्या तारांच्या जाळीला टेकते. केबल दारातूनच न्यायची असेल तर वरच्या कोपऱ्यात, रबर मऊ असेल तिथून न्या. बाहेर एक लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून आत न येता खाली टपकतं. उरलेली केबल मोठ्या सैल वळशात ठेवायची. समोरच्या खांबातून वर नेत असाल आणि गाडीला कर्टन एअरबॅग असेल, तर केबल एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे, पुढून कदापि नाही. हे दुकानदाराला आधीच बजावून ठेवा.

मॅग्नेट बेस वाईट नाही. पत्र्याच्या टपावर मधोमध ठेवला तर उत्तम चालतो, कारण टपाचा पत्राच अँटेनेचा दुसरा अर्धा भाग असतो. पण कापडी टपाची जिप्सी किंवा फायबरच्या टपाची थार असेल तर मॅग्नेट चिकटणारच नाही. मग पट्टी बनवून घ्यावी लागते. त्याला उद्यमनगरासारखी जागा नाही.

३ मिलिमीटर जाडीची स्टेनलेसची एल पट्टी मागच्या दाराच्या बिजागरीच्या किंवा बॉनेटशेजारच्या फेंडरच्या मूळच्या बोल्टांवर बसवता येते, बॉडीला नवं भोक पाडावं लागत नाही. कागदावर माप नेऊ नका, अँटेनेचा स्टड (ती जिच्यावर बसते ती आट्यांची खुंटी) आणि त्याचे वॉशर फॅब्रिकेटरच्या हातात द्या. स्टडसोबत नायलॉनचा खांदेदार वॉशर येतो. त्याचा खांदा पट्टीच्या भोकात पूर्ण उतरला पाहिजे. उलटा बसला किंवा भोक लहान पडलं म्हणून कोणी तो वगळला, तर स्टड थेट बॉडीला लागतो आणि सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर जळायची वेळ येते.

दुसरी खोड प्रेमापोटी होते: पट्टी चांगली दिसावी म्हणून गडी ती अख्खी पावडर कोटिंगला देतो. कोटिंग म्हणजे इन्सुलेशन. बॉडीला टेकणारी बाजू कोरी ठेवायला सांगा. बोल्टाखालचा गाडीचा रंग रुपयाएवढ्या जागेत खरवडा, दातेरी वॉशर घाला आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा, नाहीतर एका पावसाळ्यात गंज धरतो. मग मल्टिमीटर. पट्टी ते बॅटरीची निगेटिव्ह, वाचन १ ओहमच्या आत हवं. दार किंवा बॉनेटवर पट्टी असेल तर बिजागरीवर विसंबू नका, दार आणि बॉडी यांच्यामध्ये विणलेली तांब्याची पट्टी जोडा. स्टडचा मधला भाग ते बॉडी मात्र उघडं, म्हणजे जोडणी नाही असं, दिसलं पाहिजे. काही अँटेनांची कॉइलच अर्थला जोडलेली असते, त्यामुळे हे वाचन अँटेना काढून घ्या.

वायरिंगचं काम जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. लायटरच्या सॉकेटमधून किंवा स्टिरिओच्या वायरीतून सप्लाय घेऊ देऊ नका. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही थेट बॅटरीकडून, १.५ चौरस मिलिमीटरची वायर, फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात, सेटच्या माहितीपत्रकात दिला असेल तेवढाच. फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट हवाच. वायरीच्या टोकाचं थिंबल पकडीने दाबलेलं असावं. नुसती वायर पिळून टेप मारलेली दिसली तर काम परत करायला लावा.

एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनेकडून किती शक्ती सेटकडे परत येते ते दाखवणारा) मात्र या तिन्ही दारांत मिळेल अशी आशा धरू नका. तो आपला आपण घ्यावा, सेट आणि अँटेनेच्या मध्ये लावावा आणि मोकळ्या मैदानात, दारं-बॉनेट बंद ठेवून मोजावं. पहिल्या चॅनेलवर आकडा जास्त आणि वरच्या चॅनेलवर कमी असेल तर अँटेना आखूड आहे, वाढवा. उलट असेल तर लांब आहे, कमी करा, एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच. १.५ च्या आत आला की झालं, २ पर्यंत चालवून घ्या, ३ च्या वर माइकचं बटण दाबूच नका. सगळीकडे सारखाच चढा आकडा आला तर लांबीशी खेळू नका. दोष अर्थचा किंवा पीएल-२५९ कनेक्टरच्या सोल्डरिंगचा असतो.

तपासणी १, १९ आणि ३७ या चॅनेलवर करा. परदेशी सेट ४० चॅनेलचे असतात, पण भारतात परवान्याविना मोकळा असलेला पट्टा २६.९५७ ते २७.३८३ मेगाहर्ट्झचा आहे, मर्यादा ५ वॅटची. ३८ वं चॅनेल २७.३८५ वर असल्यामुळे शेवटचे तीन बाहेर पडतात. परवाना लागत नसला तरी सेट मान्यताप्राप्त हवा. ऑनलाइन बेकायदा वॉकीटॉकी विकल्याबद्दल २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या, तेव्हा बिल आणि मान्यतेचा कागद मागून घ्या.

सगळं बसल्यावर इंजिन सुरू करून ऐका. रेस केल्यावर शिट्टी चढत गेली तर आवाज अल्टरनेटरचा, सप्लायच्या वायरी आणि निगेटिव्हची जोडणी पुन्हा बघा. सतत खसखस असेल तर आधी मोबाईलचा स्वस्त चार्जर उपटा, मग डॅशकॅमचा, मग एलईडी दिवे एकेक बंद करा. बहुतेक वेळा चोर चार्जरच निघतो. त्याच्या वायरीवर फेराइटची क्लिप बसवून बघा. तरी खसखस गेली नाही तर चार्जर बदला, सेटला दोष देत दुकानात भांडायला जाऊ नका.