गुडघा फुटलाय: हळद, मलम, पट्टी की नुसतं वाऱ्यावर?

पोर सायकलवरून पडून गुडघा सोलून घरी आलं की जितकी डोकी तितके उपाय निघतात. आजी हळदीचा डबा काढते, बाबा अँटिसेप्टिकची बाटली शोधतात आणि शेजारच्या काकू दारातूनच सांगतात, "काही लावू नका, वाऱ्यावर सुकू दे." तिघांचंही थोडं बरोबर असतं, थोडं चुकतं.

आधी धुण्याचं बघू, कारण निम्मं काम तिथेच होतं. जखम नळाखाली धरून तिच्यावर पिण्यालायक पाणी पाच-दहा मिनिटं सोडायचं, आजूबाजूला साबण लावायचा आणि खडी-माती निघून जाईल असं बघायचं. रक्त वाहत असेल तर आधी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, पण दर मिनिटाला उचलून बघू नका. अँटिसेप्टिकची बाटली हवीच असेल तर लेबलवर लिहिलंय तेवढं पाणी घालून, आणि एकदाच. फसफसणारं हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र मी बाजूलाच ठेवीन. ते जंतूंइतकंच नव्या पेशींनाही जाळतं. झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं, हा समज आपल्या पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. नळाच्या पाण्याची सलाइनशी (दवाखान्यातल्या निर्जंतुक मिठाच्या पाण्याशी) तुलना करून पाहिली गेली आहे. नळाच्या पाण्यानं संसर्ग वाढल्याचं त्यात दिसलं नाही.

खरा वाद आहे तो उघडी की झाकलेली याचा. काकूंचा तर्क असा, की खपली धरली म्हणजे जखम भरली. पण खपलीखाली काय चालतं? जखमेच्या कडेच्या पेशी मधल्या उघड्या भागावर सरकत जातात आणि नवी कातडी तयार होते. ओल असली की त्या पृष्ठभागावरून सहज सरकतात. वरचा थर वाळून कडक झाला असेल तर त्यांना त्याच्या खालून वाट काढत जावं लागतं. ब्रिटनमधले संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 साली हे डुकरांच्या उथळ जखमांवर दाखवून दिलं. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यानं झाकलेल्या जखमांवर कातडी जवळपास दुप्पट वेगानं चढली. पुढे माणसांतही तोच कल दिसला. त्यामुळे गुडघा, कोपर, तळहात, जिथे कपडा घासतो किंवा धूळ बसते, तिथे माझं मत पट्टीच्या बाजूनं. मांजरानं ओरखडल्यासारखी बारीक रेघ असेल तर धुवून तशीच सोडली तरी बिघडत नाही. (खरंच मांजरानं ओरखडलं असेल तर गोष्ट वेगळी, ती शेवटी.)

एक अडचण मात्र आपल्याकडचीच. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात चिकटपट्टी दोन दिवस तशीच ठेवली तर आतली कातडी पांढरी, सुरकुतलेली, भिजट होते. ओल हवी, चिखल नको. पट्टी रोज बदला आणि भिजली की लगेच. बोटाला चिकटपट्टी चालते; गुडघ्यावरच्या मोठ्या खरचटीवर ती टिकत नाही, तिथे न चिकटणारं ड्रेसिंग आणि वर बँडेज. नुसता कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात.

आता हळद. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 साली दिलं गेलं. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि 1997 साली ते रद्द झालं. आपल्याला अभिमान वाटतो, वाटावाच. पण पेटंट रद्द झालं ते 'हे ज्ञान नवं नाही' म्हणून. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक आहे असा दाखला त्यात कुणी दिला नाही. हळदीत दाह कमी करणारे गुण आहेत, तरी फोडणीच्या डब्यातल्या हळदीत चमचे, हात, ओल सगळं जातं. शिवाय ती जखमेत घट्ट बसते आणि लाली वाढली का, पू झाला का, हे दिसेनासं होतं. गावाकडे जखमेवर चुरून लावतात त्या एकदांडीच्या पाल्याचंही तेच. रानात दुसरं काही हाताशी नसेल तर समजू शकतो, घरात नळ असताना नाही. चुना, तंबाखू, राख, टूथपेस्ट यांची तुलनाही नको.

उरलं मलम. अँटिबायोटिक मलम विरुद्ध साधी पेट्रोलियम जेली, असं 1996 साली अमेरिकेत छोट्या शस्त्रक्रिया झालेल्या 922 रुग्णांवर पाहिलं गेलं. संसर्गात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ॲलर्जी मात्र मलमाच्याच गटात दिसली. आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या निओमायसिन किंवा फ्रॅमायसेटिनच्या मलमांनीही काहींना पुरळ आणि खाज येते, आणि मग 'पिकलं वाटतं' म्हणत तेच मलम जास्त चोपडलं जातं. स्वच्छ धुतलेल्या जखमेवर मी जेलीचा पातळ थर आणि पट्टी घेईन. जेलीची डबीही नवी उघडलेली हवी, टाचांना लावून उरलेली नको.

पहिले दोन-तीन दिवस कडेला थोडी लाली, ऊब, हुळहुळणं हे भरण्याचंच लक्षण आहे. त्यानंतर लाली पसरत गेली, ठणका वाढला, पू किंवा ताप आला तर घरचे प्रयोग थांबवा. कडा उघड्या राहिलेला खोल काप, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त, मधुमेह्याच्या पायाची कुठलीही जखम, यांना ही तुलना लागूच होत नाही, थेट डॉक्टर.

कुत्रा, मांजर किंवा माकड चावलं-ओरबाडलं तर पट्टी बांधू नका, साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. धनुर्वाताचं म्हणाल तर दोष गंजाचा नाही, माती-शेणातल्या जंतूंचा. लशीचे सुरुवातीचे डोस पूर्ण झालेले असले तर स्वच्छ किरकोळ जखमेसाठी शेवटच्या इंजेक्शनला 10 वर्षं आणि मळलेल्या जखमेसाठी 5 वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. शेवटचं कधी घेतलं ते घरात कुणालाच आठवत नसेल, तर घेतलेलंच नाही असं धरून दवाखान्यात विचारा.