पिंपलच्या खड्ड्यांवर सीओटू लेझर केलं, ३ सेशननंतर सांगतेय
कॉलेजपासूनचे गालावरचे खड्डे, शेवटी पुण्यात एका स्किन क्लिनिकमध्ये फ्रॅक्शनल सीओटू लेझर केलं (लेझरने त्वचेवर अगदी बारीक छिद्रं पाडतात, मग तिथे नवी त्वचा भरत जाते), दर दोन सेशनच्या मध्ये दीड महिन्याची गॅप. सुन्न करायची क्रीम तासभर लावून ठेवतात तरी चटके बसतातच आणि तो जळका वास, बाप रे! २ दिवस चेहरा टोमॅटो, मग बारीक खपल्या, आठवड्याने आपोआप गळल्या, नखाने काढायच्या नाहीत हां. आपल्या सावळ्या स्किनवर नंतर काळे डाग उठू शकतात म्हणून सनस्क्रीन एक दिवस चुकवलं नाही. खड्डे साधारण अर्धे भरलेत, पूर्ण जाणार नाहीत हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, त्यामुळे तक्रार नाही. तक्रार फक्त रिसेप्शनवालीची, दर वेळी नवीन पॅकेज गळ्यात मारायला बघते.